दोन दाते

आमच्या घरातले सर्वांत जुने यंत्र म्हणजे आईचे शिवणाचे मशीन. काळे, लोखंडी, पायाने चालवायचे. वर्षभर ते खिडकीशी फुलदाणी मिरवीत उभे असे आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की फुलदाणी खाली उतरे आणि मशीन बोलू लागे. बहिणींचे परकर, आमच्या चड्ड्या, उशांचे अभ्रे, शेजारच्या काकूंची दोन पोलकी; सगळे त्या पंधरवड्यात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना अशाच एका दिवाळीच्या तोंडावर त्याची सुई मोडली. नवी बसवली, तीही मोडली. तिसरी मोडल्यावर वडिलांनी सुया विकणाऱ्याला नावे ठेवून दुसऱ्या दुकानातून भारीपैकी सुया आणल्या. चौथीही मोडली.

मग मशीन दुरुस्त करणारे एक म्हातारेसे कारागीर आले. त्यांनी सुईकडे पाहिलेसुद्धा नाही. प्रथम त्यांनी चाकावरची चामड्याची वादी काढून टाकली. वरचे हातचाक दोन बोटांनी अगदी सावकाश फिरवीत ते खाली शटलकडे पाहत राहिले. सुई खाली जाऊन वर यायला लागली, की नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक तिच्या पाठीशी येऊन दोऱ्याचा फासा उचलते. आमच्या मशीनमध्ये ते टोक उशिरा येत होते. "वहिनी," ते आईला म्हणाले, "सुया चांगल्या आहेत. वेळ चुकलीय." त्यांनी खालचा एक स्क्रू सैल केला, चिमूटभर फिरवला, पुन्हा आवळला. त्या दिवाळीत पुढे एकही सुई मोडली नाही.

तीस वर्षांनी, साताऱ्यातल्या एका पत्र्याच्या शेडखाली, एका मोटारीच्या इंजिनात वाकून पाहताना मला हे म्हातारेबुवा आठवले. यंत्रशास्त्राचे माझे ज्ञान, खरे सांगायचे तर, शून्य. मी मराठी शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, आणि माझ्या कादंबऱ्यांतल्या मोटारी नेहमी वळणावर दिसेनाशा होतात, म्हणजे पुढचे वर्णन करावे लागत नाही. पण ह्या खेपेला मोटार दिसेनाशी झाली नाही. ती बंद पडली, आणि ती माझ्या धाकट्या मेहुण्याची होती.

हा मेहुणा सातारा-पुणे अशी भाड्याची गाडी चालवतो. गाडी जुनीच घेतलेली, चार सिलिंडरांची, पेट्रोलची, बँकेच्या हप्त्यावरची. दिवाळीचा आठवडा म्हणजे त्याचा सुगीचा काळ. पुण्यामुंबईची माणसे गावी येणार, भाऊबीजेला लेकीबाळी इकडच्या तिकडे जाणार. वसुबारसेच्या आठ दिवस आधी खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी त्याने चहासाठी गाडी थांबवली. चहा झाला, किल्ली फिरवली. इंजिन लागले, खडखडले आणि गप्प झाले. त्याने लगेच किल्ली काढून घेतली, हे त्याचे शहाणपण. टोचन लावून गाडी एका गॅरेजात नेली. तिथे झाकण काढले, दाब मोजायचे घड्याळ लावून सेल्फ मारला, आणि तासाभरात निकाल मिळाला: टायमिंग बेल्ट निसटला आहे, चारही सिलिंडरांत दाब नाही, सगळे व्हॉल्व्ह गेले, पिस्टनही गेले असणार, इंजिन उतरवून सबंध बांधावे लागेल. नव्वद हजार रुपये. "दाजी, गाडी विकूनही एवढे येतील की नाही कोण जाणे," मेहुणा मला फोनवर म्हणाला. तो रडत नव्हता, पण मी शिक्षक आहे. न रडणारी पोरे मला ओळखू येतात.

पट्टा निसटणे म्हणजे इतके काय मोठे, असे मला वाटले होते. पिठाच्या गिरणीत लहानपणी दळण घेऊन बसलो, की दिवसातून एकदा तरी तो लांबलचक पट्टा चाकावरून सटकायचा. गिरणीवाला शिवी हासडून तो पुन्हा चढवायचा, आणि जोंधळ्याचे पीठ काही त्यामुळे बिघडत नसे. खरे म्हणजे निसटणे हा त्या सपाट पट्ट्याचा गुणच होता. जात्यात खडा अडकला, तर पट्टा घसरतो आणि मोटर वाचते. मग मोटारीच्या इंजिनातच तो निसटला, की एवढा अनर्थ का? ह्या प्रश्नापायी मी सुटीचे चार दिवस पुस्तके उलटीपालटी केली, आणि जे हाती लागले ते मला आमच्या मशीनच्या सुईपर्यंत घेऊन गेले.

जर्मनीत कलोनच्या पलीकडच्या तीरावर डॉइट्झ नावाचे गाव होते. तिथे निकोलाउस ओटो ह्याने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले. पिस्टन खाली जाताना हवा आणि इंधन आत घ्यायचे, वर येताना ते दाबायचे, ठिणगीने पेटवून पिस्टन पुन्हा खाली ढकलून घ्यायचा, आणि शेवटी वर येताना धूर बाहेर टाकायचा. घेणे, दाबणे, जळणे, टाकणे. ह्या चार टप्प्यांत क्रँक दोन फेरे घेतो, पण आत घेण्याचे दार एकदाच उघडते आणि बाहेर टाकण्याचेही एकदाच. म्हणून ही दारे, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. दोनास एक. अगदी बिनचूक दोनास एक, आणि तेही कोणत्या क्षणी कोण कुठे आहे हे ठरवून. गणित पाचवीतल्या मुलाचे, पण ते मिनिटाला हजारो वेळा सोडवायचे असते.

सुरुवातीच्या कितीतरी इंजिनांत तर ह्यातले निम्मे काम देवावर सोपवलेले असे. आत घेण्याच्या व्हॉल्व्हला मऊशी स्प्रिंग असे आणि पिस्टनच्या ओढीनेच तो उघडे. वेग वाढू लागला तसा हा भाबडेपणा परवडेना, आणि दोन्ही व्हॉल्व्ह कॅमच्या ताब्यात गेले. फोर्डची १९०८ सालची मॉडेल टी घ्या. तिचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या पोटात क्रँकच्या शेजारीच होता, दोघांच्या दातेरी चाकांचे दात एकमेकांत गुंतलेले. शेजारी शेजारी बसलेली दोन माणसे हातात हात घालतील तसे. तिथे निसटायला जागाच नव्हती. शिवाय तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत, डोक्यावर नव्हेत. ते वेळी-अवेळी उघडले तरी पिस्टनच्या वाटेत येत नसत. वेळ चुकली तर गाडी चालणार नाही, एवढेच. मोडणार काही नाही.

अनर्थाचे बी पेरले गेले ते व्हॉल्व्ह डोक्यावर गेले तेव्हा. बाजूला दारे असली की हवेला वळसा घेऊन आत यावे लागते. दारे डोक्यावर नेली, की ती सरळ आत येते, दाब वाढवता येतो, ताकद वाढते. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत ही पायरी दिसते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११००, जी पुढे पद्मिनी झाली आणि जिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या २०२३ सालापर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होत्या, आणि अँबॅसडरचे ते प्रसिद्ध १४८९ सी.सी.चे इंजिन, ह्या दोहोंत व्हॉल्व्ह डोक्यावर पण कॅमशाफ्ट खालीच. खालून उभ्या दांड्या वर जाऊन व्हॉल्व्ह ढकलीत. क्रँक आणि कॅम जवळ जवळ, मध्ये वीतभर लोखंडी साखळी. ही साखळी जुनी झाली, की खुळखुळ वाजे. टॅक्सीवाले त्या आवाजावरून सांगत, की हिला अजून सहा महिने आहेत.

पण त्या उभ्या दांड्या जड. वेग वाढवावा तसतशा त्या मागे पडतात. मग शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्यांनी कॅमशाफ्टच उचलून डोक्यावर नेला. १९१२ साली फ्रान्समध्ये दिएप येथे जी मोठी शर्यत झाली, ती जॉर्ज ब्वालो ह्याने प्यूजो गाडीने जिंकली. तिला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट होते आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आज आपल्या आळीत उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांची जन्मपत्रिका त्या दिवशी मांडली गेली म्हणायला हरकत नाही. मात्र त्यातून एक पेच उभा राहिला. क्रँक तळमजल्यावर आणि कॅम माडीवर! दोघांच्या हातात हात कसा राहणार? कोणी उभा दांडा आणि दोन टोकांना तिरकी दातेरी चाके बसवली, कोणी दातेरी चाकांची रांग लावली, कोणी हातभर लांबीच्या साखळ्या वापरल्या. सगळे उपाय नामी, सगळे महाग, आणि बहुतेक गोंगाट करणारे. त्यामुळे पुढची काही दशके डोक्यावरचा कॅम हा श्रीमंतांचा आणि शर्यतवाल्यांचाच राहिला.

हा पेच सुटला तो मोटारवाल्यांकडून नव्हे, शिवणाच्या मशीनमुळे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला गिल्मर नावाची पट्टे बनवणारी कंपनी होती. तिच्यातल्या रिचर्ड केस नावाच्या माणसाने १९४० च्या दशकात रबराच्या पट्ट्याला आतल्या बाजूने दाते पाडले. हे दाते चाकाच्या खाचांत बसत, त्यामुळे पट्टा घसरायचा नाही. आत ताणाला न जुमानणाऱ्या दोऱ्या घातलेल्या, त्यामुळे तो लांबायचाही नाही. १९५० साली त्याला ह्याचे पेटंट मिळाले. आणि हा पट्टा हवा होता कशाला? सिंगरच्या मशीनमध्ये वरची सुई आणि खालची बॉबिन ह्यांची वेळ जुळवायला! हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्या गोष्टीसाठी त्या म्हाताऱ्या कारागिरांनी आमच्या मशीनचा स्क्रू सैल केला होता, त्याच गोष्टीसाठी हा पट्टा जन्माला आला होता. सुईने खाली यावे आणि शटलने तिला चुकवून जावे. वेळ चुकली तर सुई मोडते.

मोटारीत तो पट्टा प्रथम घालण्याचे धाडस कॅलिफोर्नियातल्या बिल डेव्हिन ह्याने १९५० च्या दशकाच्या मध्यास एका छोट्या शर्यतीच्या गाडीत केले. पण बाजारात विकायच्या गाडीत तो आणला जर्मनीतल्या हान्स ग्लास कंपनीने. ही कंपनी बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंगची. मूळ धंदा शेतात बी पेरायच्या यंत्रांचा, मग स्कूटर, मग १९५५ पासून गोगोमोबिल नावाची खेळण्याएवढी मोटार. अशा घराण्यातल्या इंजिनिअरांनी १९६१ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात १००४ नावाची गाडी मांडली आणि १९६२ पासून ती लोकांच्या हाती दिली. तिच्या इंजिनाच्या पुढच्या अंगाला क्रँकपासून डोक्यावरच्या कॅमपर्यंत दातेरी रबरी पट्टा होता. तेल नको, आवाज नाही, किंमत साखळीपेक्षा कमी. मोठमोठ्या कारखान्यांना जे धाडस झाले नाही ते पेरणीयंत्रवाल्यांनी केले. ग्लासचे मात्र त्याने भले झाले नाही. १९६६ साली बी.एम.डब्ल्यू.ने ती कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी इटलीत लांप्रेदी ह्याने फियाट १२४ स्पोर्टसाठी दोन कॅमचे इंजिन ह्याच पट्ट्यावर चालवले, अमेरिकेत पॉन्टियाकने आपल्या सहा सिलिंडरी इंजिनाला तो बसवला, आणि पुढच्या पंधरा वर्षांत रबराने साखळीची गादी बरीचशी बळकावली.

आपल्याकडे मध्यमवर्गीयांच्या दारात तो आला मारुती ८०० बरोबर, १९८३ च्या डिसेंबरात. तिचे ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरी इंजिन डोक्यावरच्या एका कॅमचे, आणि कॅमला हा पट्टा. फियाटच्या खुळखुळणाऱ्या साखळीवर वाढलेल्या मिस्त्र्यांना हे नवेच होते. माझ्या मते रबरी पट्ट्याचा खरा दोष इथेच आहे, आणि तो त्याच्या गुणाचीच दुसरी बाजू आहे. साखळी मरण्याआधी कुरकुरते. पट्टा बोलत नाही. आजारी आजोबा आणि अबोल आजोबा ह्यांत जो फरक, तोच. म्हणून कंपन्या त्याचे आयुष्य किलोमीटरांत आणि वर्षांत छापून देतात. कुठे साठ हजार, कुठे लाख किलोमीटर, आणि त्याआधी अमुक वर्षे झाली तर तेव्हा. जुनी गाडी घेणाऱ्याला मात्र तो पट्टा कधी बदलला होता हे कोणी सांगत नाही.

आता तो निसटला की होते काय, हे सांगतो. लालबाग-परळला गिरण्या चालू होत्या त्या काळी एकेका खोलीत पंधरा-वीस कामगार राहत. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला, की रात्रपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकी. जागा एक, माणसे दोन, पण भांडण नाही, कारण भोंगा वेळेवर होतो. आजच्या पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह तसेच राहतात. व्हॉल्व्ह उघडून ज्या जागेत खाली उतरतो, त्याच जागेत थोड्या वेळाने पिस्टन वर येतो. जागा कमी ठेवली, की दाब वाढतो, पेट्रोलवर जास्त कोस पडतात. म्हणून ही काटकसर. ज्या दिवशी भोंगा चुकेल त्या दिवशी दोघे एका पथारीवर! पिस्टन जाडजूड, व्हॉल्व्ह बिचारा नाजूक दांड्याची छत्री. तो वाकतो. काही इंजिनांत दोघांना पुरेशी जागा ठेवलेली असते. तिथे पट्टा तुटला तरी नवा चढवून माणूस घरी जातो. डिझेल इंजिनात मात्र दाब इतका मोठा, की अशी मोकळीक जवळजवळ नसतेच. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की आपले इंजिन कोणत्या जातीचे. मेहुण्याचे वाकवणाऱ्या जातीचे होते, सोळा व्हॉल्व्हांचे.

आमच्या शाळेच्या शिपायाने सुचवले म्हणून आम्ही गाडी साताऱ्यातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे आणली. एस.टी.त उभी हयात घालवलेले, आता दारापुढच्या शेडमध्ये हौसेने काम करणारे. नव्वद हजारांचा कागद त्यांनी वाचला आणि घडी करून मेहुण्याच्या खिशात परत ठेवला. "चारही गेले म्हणतात. कशावरून?" मेहुण्याने घड्याळाचे आकडे सांगितले. चारही सिलिंडरांत दाब उतरलेला, कुठे सत्तर, कुठे ऐंशी, एका ठिकाणी शून्य. मिस्त्री हसले. "पट्टा चुकलेला असताना मोजलं की जुळवून?" मेहुण्याला ते ठाऊक नव्हते. "चुकलेल्या घड्याळावर शाळेची घंटा दिली, तर सगळीच पोरं उशिरा आली म्हणायची का, गुरुजी?"

आणि मला एकदम उमगले. त्यांनी पुढचे झाकण काढून दाखवले. पट्टा तुटला नव्हता. त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे बेअरिंग अडकले होते, पट्टा ढिला पडला होता आणि किल्लीच्या झटक्याला दोन दाते मागे सरकला होता. क्रँकच्या पुलीवर वीस दाते. एक दाता म्हणजे क्रँकचे अठरा अंश, दोन म्हणजे छत्तीस. ह्या छत्तीस अंशांनी आत घेण्याचे व्हॉल्व्ह उशिरा मिटत होते, आणि तोवर पिस्टन वर येऊ लागून घेतलेली हवा परत बाहेर ढकलत होता. म्हणजे व्हॉल्व्ह धडधाकट असते, तरी घड्याळाने दाब कमीच दाखवला असता. पहिल्या गॅरेजाने पाहिले ते खोटे नव्हते. त्यांनी मोजले ते चुकीच्या वेळी. शिवाय चुकलेल्या वेळेवर सेल्फ मारणे हेच मुळात धोक्याचे. शाबूत राहिलेला व्हॉल्व्हही त्यात वाकू शकतो.

मिस्त्रींनी पुढे जे केले त्यात घाई म्हणून नव्हती. बॅटरीची तार काढली. चारही प्लग काढले, म्हणजे हाताने फिरवताना दाबाचा अडसर नको. क्रँकवरची खूण आणि कॅमवरची खूण आपापल्या जागी आणून पट्टा तात्पुरता चढवला. मग क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून, मनगटाच्या जोरावर, सावकाश, पुरते दोन फेरे. "कुठं अडलं, तर थांबायचं. जोर केला की संपलं." माझ्या डोळ्यांपुढे दोन बोटांनी हातचाक फिरवणारे ते म्हातारेबुवा उभे राहिले. दोन फेरे अडथळ्याविना झाले, खुणा पुन्हा खुणांवर आल्या. मगच बॅटरी जोडून, पेट्रोल आणि ठिणगी तोडून, मेहुण्याला ॲक्सिलरेटर पुरता दाबून धरायला सांगून त्यांनी एकेका सिलिंडरला घड्याळ लावले.

तीन: एकशे पंचाहत्तर. चार: एकशे सत्तर. हे दोघे ठणठणीत! एक: साठ. दोन: शून्य.

ह्यानंतरची परीक्षा मला फार आवडली, कारण ती कानांची आहे. एक नंबरच्या सिलिंडरात त्यांनी चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर तेलाने फट बुजून आकडा चढला असता. तो चढला नाही. मग पिस्टन दाबण्याच्या टप्प्याच्या शेवटी, अगदी वर आणून, जिथे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटलेले असायला हवेत, गाडी गिअरमध्ये आणि हातब्रेक ओढून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. "ऐका, गुरुजी." हवा आत जाऊन कुठून निसटते त्यावर सारे. फुसफुस हवा ओढण्याच्या तोंडाशी आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह. मागे धुराच्या नळीत आली तर बाहेर टाकणारा. तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. मी गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसून नळीला कान लावला. स्पष्ट फुसफुस, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. दोन नंबरलाही तेच. तेलाच्या तोंडाशी चिडीचूप, रेडिएटरचे पाणी स्थिर.

"खालचं काही गेलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "हेड उतरवावं लागंल. तेवढंच."

हेड उतरवले. एक आणि दोन नंबरच्या पिस्टनांच्या माथ्यावर नखाच्या चंद्रकोरीसारख्या खुणा होत्या, पण वरवरच्या. बोट फिरवले तर लागतही नव्हत्या. बाहेर टाकणारे व्हॉल्व्ह काढले तर मला चारही सरळ दिसले. त्यांनी एकेक काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने लोळवला. एक शांतपणे लोळला. बाकीचे तिघे डुलत डुलत गेले, दारू प्यालेल्या माणसासारखे. केसाएवढा बाक, पण त्यामुळे झाकण जागेवर बसत नव्हते. पट्टा निसटत असता क्षणभर फरक दोन दात्यांहूनही अधिक पडला असावा, आणि ज्यांचा धूर टाकण्याचा टप्पा तेव्हा संपत आला होता ते सापडले, असे मिस्त्रींचे मत. तिघांपैकी किती घाटात वाकले आणि किती पहिल्या गॅरेजात सेल्फ मारताना, हे मात्र त्यांनी सांगायचे नाकारले. "जे दिसलं नाही ते मी बोलत न्हाई."

तीन व्हॉल्व्ह नवे आले. त्यांचे गाइड तपासले, सर्व सोळांची बैठक पावडर लावून घासली. हेड उलटे करून, प्लग बसवून, वाट्यांत रॉकेल ओतून ते रात्रभर ठेवले. सकाळी एकाही व्हॉल्व्हखालून थेंब पाझरला नव्हता. नवा पट्टा, नवा टेन्शनर. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि तो अडकला, तर पुन्हा हेच रामायण, म्हणून तोही नवा. कॅमच्या सीलमधून तेल झिरपत होते. तेल लागले की रबर सुजते, म्हणून सीलही. हेडचे गॅस्केट, लेथवाल्याचे पैसे, मजुरी धरून सव्वीस हजार आणि वर काही शे. मेहुण्याने त्यातले दहा आमच्याकडून घेतले आणि ते भाऊबीजेच्या ओवाळणीत कापून घ्यायला बहिणीला बजावले.

वसुबारसेला संध्याकाळी सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसते फिरले, दुसऱ्यांदा लागले. मिस्त्रींनी पाच मिनिटे काही न बोलता नुसते ऐकले. मग ब्रश मागवून पट्ट्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला, आणि पुढच्या मालकालाही वाचता यावा म्हणून तो दोनदा गिरवला.

वाकलेल्या तिघांतला एक व्हॉल्व्ह मी मागून घेतला. सुटीनंतर वर्गात नेला आणि विचारले, हा सरळ की वाकडा? सगळा वर्ग म्हणाला, सरळ. मागच्या बाकावरच्या एका मुलीने, जिच्या घरी शिवणकामाचा धंदा आहे, तो घेऊन टेबलावरच्या काचेवर ठेवला आणि बोटाने ढकलला.